चोवीस मेची हजेरी

१

आकाराम गोरड मेला त्या दिवशी तो नोकरीत नव्हता, असं कागद सांगत होता.

कागदावर एकच ओळ होती. नोकरी सोडल्याची तारीख ३१ मार्च, मृत्यूची तारीख २५ मे, सबब विम्याचा दावा नामंजूर. पीएफचे तीन लाख ऐंशी हजार त्याच्या बायकोला, सुलाबाईला, मिळणार होते. विधवेची पेन्शनही मंजूर होती. पण माणूस नोकरीत असताना गेला तर पीएफसोबत जो विमा मिळतो, त्याचे पाच लाख साठ हजार त्या एका तारखेनं गेले होते.

सुलाबाई तो कागद घेऊन नानासो घाडग्यांच्या टेबलासमोर बसली होती. सांगलीत बसस्थानकाच्या मागे मुबश्शिरा मुजावरचं ऑनलाइन अर्ज भरण्याचं केंद्र आहे. त्यातलं कोपऱ्यातलं टेबल नानासोंचं. बावीस वर्षं त्यांनी कुपवाडच्या एका सूतगिरणीत टाइमकीपरचं काम केलं, म्हणजे कामगारांची हजेरी लिहिली. निवृत्तीनंतर ते लोकांचे पीएफचे फॉर्म भरून देत. वय सहासष्ट, गुडघे दुखरे. फेटाळलेला कागद हातात घेतला की पहिल्या ओळीतच त्यांना शेवट कळायचा आणि बहुतेक वेळा तो बरोबर असायचा.

"वहिनी, ह्यात काही होणार नाही," ते म्हणाले. "आकाराम मार्चमध्येच सुटलेला दिसतोय."

"सुटल्यालं? आवं, ते कामावरनं येतानाच ग्येलं की!" सुलाबाईचा आवाज चढला. "शनवारी सकाळी. रातपाळी सातला सुटली. पावणेआठला स्टॉपवर बसलं ते उठलंच न्हाईत. डबा मोकळा हुता. मोकळा डबा घिऊन कोन कामाला जातं व्हय?"

"आणि पगार? एप्रिलचा, मेचा?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "न्हाई आला. म्या इचारलं बी. तर म्हनलं, ठेकेदारानं थांबवलाय, जूनात सगळं एकदम यील."

"म्हणजे तो कामावर जातच नव्हता, घरी तसं सांगत होता, असाही अर्थ होतो."

"मग कानात कापूस कुठनं आला?" सुलाबाईनं सरळ त्यांच्याकडं पाहिलं. "आंगुळ म्या घातली. दोनी कानांतनं कापूस म्या काढला. ताजा हुता."

नानासोंनी पेन खाली ठेवलं. यंत्रांच्या गोंगाटात आठ तास काढून सूतगिरणीतून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या कानात काय असतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"मयतीला कोण होतं?"

"समदी भावकी. ह्यांच्या भावकीतल्याच बिरदेवासाठी लय थांबलो. आठाला फोन ग्येल्ता, आला पाचाला. ऊन मरनाचं. मानसं कावली. पर ह्यांचा त्याच्यावर जीव, म्हनून म्या हलू दिलं न्हाई." तिनं डोळे पुसले. "राणीचं, माज्या पोरीचं, नर्सिंगचं दुसरं वरीस हाय. फी कशी भरू सांगा तुमीच."

नानासोंच्या मनात एक सोपं उत्तर तयार होतं. माणूस मेल्यावर ठेकेदार घाबरतो आणि मागची तारीख टाकून नाव कमी करतो. त्यांनी असे दोन-तीन प्रकार पाहिले होते. त्यांनी आकारामचा फोन मागितला. सुलाबाईनं पिशवीतून बटणांचा जुना फोन काढला. मुबश्शिरानं तो घेतला आणि संदेश मागे मागे नेत गेली.

"नाना, मागची तारीख नाही टाकलेली," ती म्हणाली. "नोकरी सोडल्याची नोंद केली असा मेसेज आहे. बारा एप्रिल, सकाळी अकरा बेचाळीस."

मृत्यूच्या त्रेचाळीस दिवस आधी. ठेकेदार संशयातून सुटला.

मुबश्शिरानं फोन ठेवला, पण हात काढून घेतला नाही. तिचा चेहरा उतरला होता.

"नाना, हे गृहस्थ माझ्याकडं आले होते. नोकरी सोडा असं मीच सांगितलं त्यांना."

२

सुलाबाई गेल्यावर मुबश्शिरानं सगळं सांगितलं. ती एकतीस वर्षांची. वडील वारल्यापासून दुकान तीच चालवते. रोज पन्नास माणसं येतात. तिला चेहरे लक्षात राहत नाहीत, फोनचे नंबर राहतात.

"मार्चमध्ये आले होते. म्हणाले, पीएफ काढायचा आहे, सगळा. मी म्हटलं, नोकरीत असताना सगळा निघत नाही, कारण दाखवून थोडा निघतो. कारणांची यादी वाचून दाखवली. आजारपण, घर, लग्न, मुलांचं शिक्षण, पूर. तर म्हणाले, अजून काय हाय? मी म्हटलं, अजून काही नाही, चाचा. कारण काय आहे तुमचं?"

"काय म्हणाला?"

"ह्यात बसत न्हाई, एवढंच. मी तरी विचारलं, आजारपण लावू का? कागद लागत नाही त्याला. तर रागावले. म्हणाले, धडधाकट मानसाला आजारी कशाला पाडती गं?"

नानासो किंचित हसले. आकारामला ते ओळखत होते. चेहऱ्यानं ओळखत होते असं म्हणता येणार नाही, हजेरीतून ओळखत होते. महिन्याला सव्वीस दिवस, खाडा नाही.

"मग मी नियम सांगितला. नोकरी सुटली, तर सुटल्यापासून दोन महिन्यांनी सगळा पैसा निघतो. एक महिन्यानं पंचाहत्तर टक्के निघतो. एप्रिलअखेर ते परत आले तेव्हा मी म्हटलं, पंचाहत्तर टक्के आत्ता घ्या, बाकीचे नंतर. तर म्हणाले, न्हाई, अर्धंमुर्धं येत न्हाई ते. एक जूनला येतो म्हणाले." तिनं खुर्ची मागे सरकवली. "नोकरी सोडली की विमा जातो हे मी सांगितलंच नाही, नाना. मला सुचलंच नाही. धडधाकट दिसत होते."

दोन महिन्यांचा नियम त्या वेळी होता. पुढे तो बदलला. पण त्या उन्हाळ्यात हिशेब सरळ होता. ३१ मार्चला सुटलेला माणूस ३१ मेनंतर सगळा पैसा काढू शकत होता. आकाराम पंचवीस तारखेला गेला, सहा दिवस आधी.

"तू नियम सांगितलास. तो खोटा नव्हता," नानासो म्हणाले.

"तेच तर. खोटा असता तर बरं वाटलं असतं."

बाहेर पुण्याच्या गाडीचा पुकारा चालू होता. नानासोंनी चहा संपवला आणि उठताना गुडघ्यावर हात टेकला. त्यांना घरी जायचं होतं. त्या महिन्यातला हा चौथा फेटाळलेला कागद होता आणि आधीच्या तिन्हींत त्यांनी हात वर केले होते.

"एक सांग, मुबश्शिरा. कागदावर आकारामनं नोकरी सोडली होती. पगारही येत नव्हता. मग पंचावन्न दिवस तो रोज डबा घेऊन जात कुठं होता?"

३

शंभूराज निकम नानासोंच्याच जुन्या सूतगिरणीला माणसं पुरवणारा ठेकेदार. चाळिशीचा, पांढरा शर्ट, गिरणीच्या फाटकाशेजारी पत्र्याचं ऑफिस. नानासोंना बघून तो खुर्चीतून उठला, कारण एके काळी त्याचे वडील नानासोंच्या हाताखाली होते.

"या, नाना! आता माझीच चौकशी करायला लागला का काय?"

"चौकशी कसली. आकाराम गोरडच्या बायकोचा फॉर्म आहे."

"काय उपयोग न्हाई, नाना. मला लय वाईट वाटतंय, पर मानूसच स्वतःहून गेला. एकतीस मार्चला म्हनला नाव कमी करा. वसीम, दाखव रं नानांना."

वसीम अत्तार त्याचा कारकून. बारीक, चष्मा लावलेला, बोलताना टेबलाकडं बघणारा. त्यानं आकारामचा राजीनामा काढला. खाली आकारामची सही होती. अक्षर वसीमचं होतं, पण त्यात नवल नव्हतं. गिरणीतले निम्मे राजीनामे कारकूनच लिहितो.

"तो एप्रिल-मेमध्ये कामावर आला नाही?" नानासोंनी विचारलं.

"हजेरीत नाही," वसीम म्हणाला.

"मी हजेरीचं नाही विचारत."

वसीम टेबलावरचे कागद सारखे करू लागला. शंभूराजनं हसत हजेरीबुक पुढं सरकवलं. "बघा तुमीच. तुमी आयुष्यभर हेच बघितलंय."

शंभूराज अजूनही हजेरी हातानं ठेवायचा. मोठं हिरव्या पाठीचं बुक, उभ्या रकान्यात तारखा, आडव्या ओळीत माणसं. हजर असेल तर 'ह', नसेल तर रकाना मोकळा. फाटकावर मुकादम नाव पुकारतो, माणूस ओ देतो, 'ह' पडतो. रातपाळी सुरू होते त्या दिवसाची तारीख तिला लागते. चोवीसच्या रात्री आलेला माणूस पंचवीसच्या सकाळी सुटला तरी त्याची हजेरी चोवीसचीच.

आकाराम गोरड या नावासमोर मार्चमध्ये सगळे 'ह' होते. एप्रिलच्या पानावर नावच नव्हतं. मेच्या पानावरही नव्हतं. शंभूराज खरं बोलत होता.

नानासोंनी बुक मिटलं नाही. ते वाचत राहिले. सत्तेचाळीस नावं. पंखा आवाज करत होता. शंभूराजचे दोन फोन झाले. वसीम एकदा बाहेर जाऊन आला.

अशी पानं वाचण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. मोकळ्या रकान्यांना एक चाल असते. कुणाचा रकाना सोमवारी मोकळा, कुणाचा पगाराच्या दुसऱ्या दिवशी. मेच्या पानावर एका नावासमोर एक ते चोवीसपर्यंत, सुट्टीचे वार सोडले तर, ओळीनं 'ह' होते. पंचवीसपासून महिनाअखेरपर्यंत एकही नव्हता.

आकारामची शेवटची पाळी, सुलाबाईच्या म्हणण्याप्रमाणे, चोवीस तारखेची. मेलेला माणूस एक होता आणि हजेरी दुसऱ्याची थांबली होती.

"हा का येत नाही पंचवीसपासून?" नानासोंनी ओळीवर बोट ठेवलं.

शंभूराजनं वाकून नाव वाचलं. "बिरदेव गोरड. त्यांच्याच भावकीतला न्हवं का? सुतक असंल."

उत्तर बिनचूक होतं. पलीकडे उभ्या असलेल्या वसीमचा हात मात्र चष्म्यापाशी गेला आणि तिथंच राहिला.

४

वसीम फाटकाबाहेर चहाच्या गाड्यावर त्यांच्या मागोमाग आला. नानासोंनी दोन चहा सांगितले.

"मी काहीही लिहून देणार नाही, नाना. आधीच सांगतो," तो म्हणाला. "दोन पोरं आहेत मला."

"मी कुठं मागितलं?"

"आकारामचाचा म्हणाले, नाव कमी करा. मी कमी केलं. बारा एप्रिलला ऑनलाइन नोंद केली. त्यात खोटं काही नाही." त्यानं चहात फुंकर मारली. "म्हणाले, एक जूनला परत लावा. मी म्हटलं लावतो. असं करतात बरेच जण. नाव कमी, दोन महिने थांबायचं, पैसे काढायचे, परत नाव. सगळ्या ठेकेदारांकडं चालतं."

"आणि दोन महिने ते काय खातात?"

"ते मला नाही माहीत."

"फाटकावर बिरदेव म्हणून पुकारल्यावर ओ कोण देत होतं, वसीम?"

"फाटकावर मुकादम असतो, मी नसतो." वसीमनं कप ठेवला. "नाना, तुमच्या वेळी बदलीवर माणसं येत नव्हती? दुसऱ्याच्या नावावर? तुम्ही मान वर करून बघत होता का, ओ देणारा कोण आहे ते?"

नानासोंनी पैसे दिले. बावीस वर्षांत त्यांनी मान वर केली नव्हती. आवाज आला की 'ह'. वर बघितलं की भानगड कळते आणि कळली की लिहावी लागते, म्हणून कुणीच बघत नसे.

दुकानात परत आल्यावर ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेपुढं उभे राहिले आणि मुबश्शिराला म्हणाले, "एप्रिलची अमावस्या बघ. मेचीही बघ."

तिनं बोट ठेवून तारखा सांगितल्या.

"बिरदेव माझ्या हजेरीत अकरा वर्षं होता. एकाही अमावस्येला कामावर आला नाही. देवाला जायचा. साहेबानं दोनदा पगार कापला, तरी जायचा. ह्या वेळी दोन्ही अमावस्यांना हजर आहे. दोन्ही महिन्यांत खाडा नाही. अशी हजेरी बिरदेवची नसते. आकारामची असते."

"पण हे पुरावा म्हणून कोण घेईल, नाना? देवाला गेला नसेल ह्या वेळी."

"बरोबर. म्हणून मयत बघ. आकाराम शनिवारी सकाळी गेला. आठ वाजता बिरदेवला फोन गेला. हजेरीप्रमाणे बिरदेव त्याच रातपाळीत होता, त्याच फाटकातून सातला सुटला. गोरडांचं घर तिथून दोन मैलांवर. मग उन्हात मयत नऊ तास कुणासाठी थांबली?"

मुबश्शिरानं दिनदर्शिकेवरचं बोट काढलं.

"तो कुपवाडमध्ये नव्हताच," ती म्हणाली.

"नव्हता. नऊ तास लागतील इतका लांब होता. एसटी बदलत, बहुतेक माणदेशातून. त्याचं नाव घेऊन आकाराम गिरणीत उभा होता. पगार बिरदेवच्या खात्यात जात होता, म्हणून सुलाबाईला मिळाला नाही. आकाराम नोकरीतच मेला. फक्त दुसऱ्याच्या नावानं."

"मग झालं की! ऑफिसला कळवू."

"काय कळवणार? अमावस्या? कानातला कापूस? तो तर केव्हाच टाकून दिला." नानासो खुर्चीत टेकले. "हे एकच माणूस लिहून देऊ शकतो. आणि लिहून दिलं तर त्याची नोकरी जाते. तो का देईल?"

मुबश्शिरा म्हणाली, "पण त्यांचं कारण काय होतं, नाना? यादीत न बसणारं?"

५

नानासो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं विट्याला गेले, तिथून वडूज, वडूजहून दहिवडी. बसायला जागा शेवटच्या गाडीत मिळाली. गुडघा धरला होता. आपण हे का करतोय, असं त्यांनी वडूजच्या स्टँडवर स्वतःला एकदा विचारलं आणि पुढची गाडी लागली म्हणून चढले.

रात्र दहिवडीत काढून सकाळी ते बिरदेवच्या गावी पोचले, पण तो घरी नव्हता. त्याच्या म्हाताऱ्यानं बाजेवरून हात केला. तो चैत्रापासून चालू शकत नव्हता, कमरेत भरलं होतं. "त्या तिकडं, चिंचेच्या म्होरं. मेंढरं बसवल्यात शेतात."

खतासाठी शेतकरी मेंढरं रात्रभर शेतात बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. चिंचेपलीकडच्या नांगरटीत कळप जाळीत होता, ऐंशीच्या आसपास. बिरदेव चाळिशीचा, उंच, डोक्याला टॉवेल. त्यानं नानासोंना लांबूनच ओळखलं आणि ओळखल्याचं त्याला बरं वाटलेलं दिसलं नाही.

"टाइमकीपर! तुमी हितं कसं काय?"

"सुतक फिटलं का बघायला आलो."

"बसा. पानी आनतो."

पाणी प्यायल्यावर नानासोंनी त्याला सगळं सांगितलं. तारखा, अमावस्या, मयत. बिरदेव काठीनं ढेकूळ फोडत ऐकत होता.

"समदं खोटं हाय," तो शेवटी म्हणाला. "मी कामावर हुतो. मयतीला उशीर झाला कारन झोपल्तो. रातपाळी झाली हुती, फोन ऐकू आला न्हाई."

"बरं."

"सिद्ध करा की."

"मला नाही करता येत," नानासो म्हणाले. ते खरंच होतं. ते उठले. जायला निघावं म्हणून त्यांनी कळपाकडं नजर टाकली आणि थांबले.

निम्म्या मेंढरांच्या पुट्ठ्यावर निळा ठिपका होता. बाकीच्यांवर काही नव्हतं, पण त्यांच्या डाव्या कानाला टोकाशी कापलेली खाच होती. निळ्या मेंढरांचे कान धड होते.

नानासो जाळीपाशी गेले. एका निळ्या मेंढीच्या पुट्ठ्यावर त्यांनी बोट थुंकीनं ओलं करून फिरवलं. बोट निळं झालं.

"हा रंग मेंढरांचा नाही, बिरदेव. हा गिरणीतला आहे. जाड सूत कुठलं आणि बारीक कुठलं कळावं म्हणून लावतात तो. पाणी लागलं की जातो, तसाच मुद्दाम केलेला असतो. चिमूटभर कागदात बांधून इथं आणायचं आकारामला काय पडलं होतं?"

बिरदेवनं काठी जमिनीत रोवली.

"खाच तुझी खूण. निळी कुणाची?"

"टाइमकीपर, तुमी जावा."

"फॉर्ममध्ये लग्न आहे, घर आहे, आजारपण आहे," नानासो म्हणाले. "मेंढरं नाहीत. म्हणून त्याचं कारण बसत नव्हतं. आणि मेंढरं अर्धीमुर्धी येत नाहीत. किती घेतली होती त्यानं?"

बिरदेव खाली बसला. त्यानं टॉवेल काढून तोंड पुसलं.

"चाळीस," तो म्हणाला.

६

"म्हाताऱ्याची कंबर ग्येली," बिरदेव सांगत होता. "मेंढरं कोन राखनार? इकायला काढली. आकारामदादाला बोललो, तर म्हनला, इकू नगं. निम्मी मला दे. नऊ हजार पाचशानं चाळीस. मी बी दोन वर्सांनी रिटायर हुतोय, मग खोलीत बसून काय भिताड बघू? म्हनला, पीएफ काढतो. पर दोन म्हयनं थांबाय लागंल. तवर तू हितं मेंढरं राख, मी तुझ्या नावावर उभा ऱ्हातो. तुझी जागा बी ऱ्हाईल आन माझा रोज बी बुडनार न्हाई. पगार तुझ्या खात्यात पडंल, त्यो मेंढरांचा इसार समज."

"सुलाबाईला का नाही सांगितलं?"

"वैनी मेंढरांच्या मागनं सुटाय म्हनून तर कुपवाडात आलेली. तिला आधी सांगितलं असतं तर मेंढरं ऱ्हायली असती बाजूला." तो हसायला गेला, पण ते झालं नाही. "म्हनला, पैसं दिऊन झालं की घिऊन यीन दावायला."

"आणि कान?"

"पैसं पुरं आल्याबिगर कान कापत न्हाई आमी. तवर रंग."

नानासोंनी पिशवीतून कोरे कागद काढले. काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं आणि त्याचं काय होईल तेही लपवलं नाही. दोन महिने ह्या माणसानं माझ्या नावावर काम केलं, असं बिरदेवनं लिहायचं. मग ते दोन महिने त्याच्या पीएफमधून निघून आकारामच्या खात्यात जातील. आकाराम नोकरीत असताना गेला असं ठरलं, तर विमा मिळेल. बिरदेवची सही असली की शंभूराजला हात झटकता येणार नाहीत.

"माझी नोकरी?"

"जाईल. खोट्या हजेरीचं लचांडही मागं लागेल."

"आन न्हाई लिवलं तर?"

नानासोंनी कळपाकडं पाहिलं. "कातरणी कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यात."

"कातरणीआधी धुणार तू मेंढरं. निळा जाईल. मग ऐंशीच्या ऐंशी तुझी. विसाराचंही कुणाला माहीत नाही. मी सांगून कोण ऐकतंय? पुरावा असा माझ्याकडं काही नाही, तू म्हणालास तेच."

बिरदेवनं टॉवेल परत डोक्याला गुंडाळला. ऊन चढलं होतं. बाजेवरचा म्हातारा कुणाला तरी हाका मारत होता, पण इथवर शब्द कळत नव्हते.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगता येतं. चौकशीला सात महिने लागले. बिरदेवचा जबाब समोर आल्यावर मुकादमाला आठवलं, मग वसीमलाही आठवलं. शंभूराजला दंड बसला आणि बिरदेवची जागा गेली. नोकरी सोडल्याची तारीख ३१ मार्चऐवजी २५ मे झाली, कारण मृत्यू. पाच लाख साठ हजार सुलाबाईच्या खात्यात आले आणि राणीची फी भरली गेली. मुबश्शिरा आता कुणी 'ह्यात बसत न्हाई' म्हणालं की त्याला खुर्ची देते आणि कारण सांगितल्याशिवाय उठू देत नाही. मेंढरांचं ऐकून सुलाबाई आधी रडली नाही, चिडली. "मेलं ते मेलं, आन माज्या गळ्यात चाळीस तोंडं बांदून ग्येलं," म्हणाली. मग माणला कुठली गाडी जाते ते तिनं विचारून घेतलं.

पण ते सगळं नंतर. त्या सकाळी बिरदेव उठला आणि जाळीत गेला. नानासोंना वाटलं, तो आता कळप सोडून निघून जाईल. त्यानं जवळची निळी मेंढी पकडली, दोन्ही गुडघ्यांत धरली आणि कनवटीची छोटी सुरी काढली.

"पैसे पुरे आलेत का?" नानासोंनी विचारलं.

"न्हाईत," बिरदेव म्हणाला. "इसारच आलाय."

त्यानं उजवा कान धरला. स्वतःचा डावा होता, म्हणून हा उजवा. खाच पाडली, वर हळद दाबली, मेंढी सोडली. दुसरी धरली.

"तुमी लिवा तवर. मी सही करतो ह्ये झाल्यावर. आन मोजा वाईच, माझं चुकंल."

नानासो चिंचेखाली बसले आणि मांडीवर पिशवी ठेवून त्यांनी जबाब लिहायला घेतला. दर थोड्या वेळानं बिरदेव मेंढी सोडायचा आणि आकडा न सांगता त्यांच्याकडं बघायचा. प्रत्येक वेळी नानासो पेन थांबवायचे, मान वर करून मेंढीकडं नीट बघायचे आणि कागदाच्या कडेला एक 'ह' लिहायचे.

दुपारपर्यंत चाळीस झाले.